कुठली वायर कुठं जाते

“थांबा दादा. आधी कुठली वायर कुठं जाती बघू.” दुरुस्तीला आले की कॉम्प्युटरला हात लावण्याआधी ते हे म्हणायचेच. मग चष्मा कपाळावर सरकवून एकेका वायरीवर बोट फिरवायचे आणि कागदी चिकटपट्टीवर नंबर लिहून तिला लावायचे. माझ्या मशीनमध्ये अकरा वायरी होत्या.

फौजेत ते सिग्नलला, म्हणजे संदेशवहन दलात, हवालदार होते. आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर असतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तसे हे आमचे मेजर. आष्ट्याहून स्कूटरवर पलूसला यायचे. दुसरा कुणी आला की लगेच नवी सिस्टीम टाकायला घ्यायचा. यांचा पाऊण तास नुसत्या ओळखपरेडीत जायचा.

“मेजर, बॉम्ब आहे का हा?” मी एकदा चिडवलं.

“बॉम्ब बरा. चुकलं तर सांगाय आपुन उरत न्हाई.”

मग त्यांनी सांगितलं. एका घरी दोन सारख्याच डिस्क होत्या. सिस्टीम टाकताना पडद्यावर नुसते आकडे दिसतात. घाईत त्यांनी नको ती डिस्क पुसली. त्या घरातल्या, अपघातात गेलेल्या मुलाचे सगळे फोटो तिच्यात होते.

“त्या माउलीनं मला च्या पाजला, दादा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.”

माझ्याकडेही दोन डिस्क सारख्याच होत्या. एकीत माझ्या बायकोचे त्रेचाळीस धडे होते. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. कोरोनात शाळा बंद झाल्यावर स्वयंपाकघरात बसून तिने ते रेकॉर्ड केले, आणि दुसऱ्या लाटेत ती गेली. धड्यांची प्रत मी काढली नव्हती. ते फोल्डर उघडायचं माझं धाडसच होत नव्हतं. मेजरांनी प्रत काढायला घेतली की मशीन अर्ध्यावर बंद पडायचं.

गेल्या वर्षी त्यांनी एक वायर काढून मशीन सुरू केलं आणि मला फोल्डर शोधायला सांगितलं. ते नव्हतं.

“न्हाई ना दिसत? मग हीच वहिनींची वायर.”

ती डिस्क त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवली. “माझं हुस्तोवर खाली ठिवू नका.”

ते दुसऱ्या डिस्कवर नवी सिस्टीम टाकेपर्यंत दोन तास दहा मिनिटं मी ती धरून बसलो. मग त्यांनी डिस्क पुन्हा जोडली आणि पहिला धडा लावला. “मुलांनो, वह्या काढा.” मागे कुकरची शिट्टी. मेजर उठून उभे राहिले. धडा चौदा मिनिटांचा आहे. तो संपेपर्यंत ते बसले नाहीत.

यंदा दिवाळीआधी ते गेले. हृदयविकाराचा झटका.

तेराव्यानंतर मी आष्ट्याला गेलो. त्यांच्या पत्नींनी पाणी दिलं आणि विचारलं, “आवं, तुमच्याकडं ह्यांचा आवाज हाय का कुठं? कॉम्प्युटरात, फोनात?”

मी फोन काढून बघितला. मेजरांचे एकोणीस कॉल होते. रेकॉर्ड केलेला एकही नव्हता. तसं सांगितलं.

“माज्याकडं बी न्हाई,” त्या म्हणाल्या. “रोज तर बोलत व्हते घरात. भरून ठिवायचं सुचतंय व्हय?”