टॉर्चच्या झोतातला हात

माझी धाकटी बहीण सिनेमाच्या थिएटरात टॉर्च घेऊन लोकांना खुर्च्या दाखवायची. वरच्या खोलीत मशीन चालवणारा ऑपरेटर जन्मापासून बहिरा. रीळ तुटायला आलं की मशीनवर हात ठेवून तो आधीच ओळखायचा. तळहाताला थरथर कळायची म्हणे. आम्हा कानवाल्यांना दूध उतू गेलेलंसुद्धा करपल्यावर कळतं.

दोघांचं कसं जुळलं ते मला विचारू नका. काही सांगायचं झालं की ही भिंतीशी उभी राहून टॉर्चचा झोत आपल्याच हातावर घ्यायची आणि बोटांनी बोलायची. वरच्या चौकोनी खिडकीत त्याचा हात हलायचा. अंधारात तीनशे माणसं एक सिनेमा बघतायत आणि हे दोघं दुसराच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पडदा सोडून यांच्याकडेच बघत बसले.

बाबांना मात्र हे लग्न नको होतं. ते शाळेत शिपाई. घंटा त्यांच्या हातात, आणि आवाज असा की एक हाक मारली तर चार घरच्या पोरी ‘ओ’ द्यायच्या.

“माणूस वाईट नाही,” ते म्हणाले, “पण उद्या न्हाणीत घसरून पडलीस तर हाक कुणाला मारशील? भिंतीला?”

“आई पडली तेव्हा तुम्हाला तरी कुठं ऐकू आलं? रेडिओ चालू होता,” धाकटी म्हणाली.

“जिभेला हाड नाही कार्टीच्या.”

मग थिएटरात एक सिनेमा लागला. नायिका बहिरी, नायकाला ऐकू येतं. धाकटीनं बाबांना दुपारच्या खेळाला ओढून आणलं. “बघतो. पण बाहेर आल्यावर सांगेन तो शेवटचा शब्द,” त्यांनी बजावलं.

मी त्यांच्या शेजारी. मध्यंतराच्या तोंडावर नायिकेचा बाप तिला निरोप द्यायला हात उचलतो, आणि त्याला एकही खूण येत नाही. जन्मभर शिकलाच नाही. हात नुसते हवेत.

मी वळून बघते तर बाबांचे खांदे हलतायत. चष्मा मांडीवर, तोंड रुमालात. स्वतःची आई गेली तेव्हाही या माणसानं टिपूस काढलं नव्हतं. आणि भोवती शाळेतले निम्मे मास्तर बसलेले. आता दिवे लागणार.

भिंतीशी टॉर्च लागला. धाकटीचा हात दोन-तीनदा हलला. पडदा काळा झाला, पण दिवे लागेनात. लोकांनी शिट्ट्या सुरू केल्या.

“अरे ए, लाईट लाव. बहिरा आहेस काय?” कुणीतरी ओरडलं.

बाबांनी सावकाश डोळे पुसले, नाक शिंकरलं, चष्मा चढवला. भिंतीशी पुन्हा झोत, एक खूण. दिवे लागले.

बाबांनी आधी धाकटीकडे पाहिलं, मग मान वळवून वरच्या खिडकीकडे. मग उठले आणि लोखंडी जिना चढून थेट वर गेले. मी मागोमाग.

ऑपरेटर पुढचं रीळ चढवत होता. बाबांनी काही सांगायला हात उचलले आणि ते तसेच राहिले. त्यानं मशीन चालू केलं आणि त्यांचा एक हात धरून त्यावर ठेवला.

“थरथरतंय गं,” ते मला म्हणाले. बाबांना इतक्या हळू बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी धाकटीला समोर बसवलं. “‘रविवारी जेवायला या’ हे हातानं कसं म्हणतात, ते दाखव. आणि सावकाश दाखव, माझी बोटं जाड आहेत.”