फॅनबेल्टला वाहिलेलं तेल

मी गाडीच्या फॅनबेल्टला तेल घातलं.

ज्यांना गाडीतलं कळतं त्यांनी आधी हसून घ्यावं, मी थांबतो. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या एका अंगाला रबराचा एक पट्टा असतो. तो इंजिनाच्या जोरावर गरगर फिरतो आणि आपल्याबरोबर बॅटरी भरणारा अल्टरनेटर आणि इंजिनात पाणी खेळवणारा पंप असे दोघे फिरवतो. त्याला दात नाहीत, साखळी नाही. लोखंडी पुल्यांना, म्हणजे खोबणीच्या चाकांना, घट्ट धरून ठेवायचं, एवढ्याच जोरावर त्याचा संसार चालतो. म्हणजे सगळं काम घर्षणाचं. आणि मी तीस वर्षं आठवीच्या वर्गाला घर्षण शिकवलेलं आहे. 'वंगणामुळे घर्षण कमी होते' हे वाक्य मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलंय की झोपेतून उठवून हातात खडू दिला तरी लिहीन.

गाडी अठरा वर्षांची. गेल्या दिवाळीपासून ती सकाळी चालू केली की किंचाळायची. पहिली दोन-तीन मिनिटं असा टिपेचा सूर लागायचा की गल्लीतली कुत्री आधी भुंकायची आणि मग हरल्यासारखी गप्प व्हायची. गरम झाली की आवाज बंद. एसी लावला की पुन्हा सुरू. मी पहिले आठ दिवस सीटखाली उंदीर शोधला. पिंजरासुद्धा लावला, त्यात भज्याचा तुकडा ठेवला. उंदीर आला नाही, गाडीला मात्र भज्याचा वास कायमचा लागला. बायको म्हणाली, "आवाज इंजिनातून येतोय आणि तुम्ही भजी सीटखाली ठेवताय." मी तिला शास्त्रीय पद्धत समजावून सांगितली. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

शेवटी नगरमधल्या माझ्या नेहमीच्या मेकॅनिकनं बॉनेट न उघडता, रस्त्यावरूनच ऐकून सांगितलं, "सर, बेल्ट बदला." मी त्याच दिवशी दुकानात गेलो. तिथे काय झालं ते पुढे येईलच. तूर्त एवढंच, की बेल्ट बदलला नाही.

आता अक्काकडे येतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला दिलंय पारनेरकडच्या एका खेड्यात. तिची एकुलती एक लेक बंगळूरला. त्या लेकीचं पहिलंच बाळंतपण, काही अडचणीमुळे ऑपरेशन करायचं ठरलेलं, आणि व्याह्यांनी पंचांग बघून रविवारी सकाळची वेळ काढलेली. लेकीनं फोनवर एकच सांगितलं होतं, "आत नेतील तेव्हा तू बाहेर पायजे, आई." अक्का जन्मात विमानात बसलेली नव्हती. तिचं शनिवारी दुपारी चारचं, शिर्डीच्या विमानतळावरून तिकीट काढलं. सामान द्यायची खिडकी तीनला बंद होते, हे भाचीनं तिला चारदा आणि मला सहादा सांगितलं. तिला पोचवायचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. भाची भाड्याची गाडी करते म्हणत होती. मी म्हणालो, "घरची गाडी असताना?"

अक्का आदल्या दिवशीच माझ्याकडे आली होती. शनिवारी सकाळी आठला आम्ही नगरहून निघालो. गाडीनं नेहमीप्रमाणे आरोळी ठोकली. अक्कानं कानावर पदर घेतला.

"काय दुखतंय रं हिला?"

"काही नाही, जुनी आहे. गरम झाली की थांबते."

"मीबी जुनीच हाय. मी वरडते का?"

शनिवार असल्यामुळे वाटेत शिंगणापूर करायचंच, असं तिनं आधीच ठरवलेलं होतं. तिच्याकडे घाण्यावरून काढून आणलेल्या तिळाच्या तेलाची एक बाटली होती. त्यातलं थोडं शनिदेवाला वाहायचं आणि बाकीचं बाळाच्या मालिशीला न्यायचं. वाहण्यापुरतं तेल तिनं एका डबीत काढून घेतलं, बाटली मागच्या सीटवर ठेवली आणि रांगेत गेली. मी म्हणालो, "तू जा, मी गाडी राखतो." ज्या गावात घरांना दारं नाहीत, कड्या नाहीत, चोरी करणारा शिवेबाहेर जाऊ शकत नाही असं मानतात, त्या गावात मी गाडी राखत बसलो.

बसवेना. परत निघताना हजार माणसांपुढे ही किंचाळणार, हा विचार काही सोडेना. बघू तरी म्हणून चालू केली. तासभरात इंजिन जरा निवलं होतं, त्यामुळे तिनं सकाळचाच सूर लावला. शेजारी फुलांच्या माळा विकणारा दचकून म्हणाला, "पाव्हणं, चाकाखाली काय घावलं का?"

मी शरमेनं लाल झालो आणि बॉनेट उघडलं. आवाज बेल्टपाशीच होता, हे मलाही कळलं. आणि बरं का, त्या क्षणी तीस वर्षांचा विज्ञान शिक्षक कुठे गेला ते मला आजही सांगता येणार नाही. उरला तो फक्त लहानपणी आईच्या शिलाई मशीनला तेल देणारा मुलगा. करकरतंय ना? तेल द्या. इकडे तिकडे बघितलं, बाटली उचलली आणि फिरत्या बेल्टवर झाकणभर तेल सोडलं.

आवाज अर्धा झाला. आणखी एक झाकण. शर्टावर, चष्म्यावर, नाकावर तेलाचे बारीक थेंब उडाले, आणि आवाज बंद! संपूर्ण शांतता. खात्रीसाठी मी अजून एक घातलं. मग बाटली पुसून, होती तशी, होत्या त्या जागी ठेवली. इतका आनंद मला निवृत्तीच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता.

अक्का परत आली तेव्हा मी तिला मुद्दाम पुढे बसवलं. "ऐक हां आता."

"काय ऐकू?"

"काही ऐकू येतंय?"

"न्हाई."

"तेच तर!"

तिनं माझ्या चष्म्याकडे बघितलं, पण देवदर्शन करून आलेली असल्यामुळे नुसता प्रसाद हातावर ठेवला.

निघालो तर समोर एक लाल दिवा लागला. बॅटरीचं चित्र असलेला. अठरा वर्षांत इतका वेळ कधी लागला नव्हता, म्हणून मला उलट त्याचं कौतुक वाटलं. मी दोन टिचक्या मारल्या. विझला नाही. वायर सैल झाली असेल, असं मी अक्काला सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर रस्ता अडवून चालला होता. त्याच्यामागे रांगता रांगता तापमानाचा काटा मधून वर सरकला, मग आणखी वर. मी ट्रॅक्टरवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. सोनईच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना ऊस आणि घर एकही नाही अशा ठिकाणी, बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली.

गाडी कडेला घेतली. साडेदहा वाजले होते. मी फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघालो, तर अक्कानं हातावर फटका मारला. "कुकरचं झाकण उघडतो का असं लगीच? तोंड भाजून घ्यायचंय?" म्हणजे त्या दिवशी माझं तोंड वाचलं ते स्वयंपाकाच्या ज्ञानावर, विज्ञानाच्या नव्हे.

ट्रॅक्टरवाला भला माणूस निघाला. मागे वाफ बघून तो थांबला. ज्याला मी शिव्या घातल्या त्यानंच सोनईच्या ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला आणि "यील तो, हलू नका" म्हणून ऊस घेऊन निघून गेला. हलणार कुठे?

तासभर आम्ही बांधावर बसलो. अक्का दर पाच मिनिटांनी माझं मनगट धरून घड्याळ बघायची आणि सोडून द्यायची. लेकीचा फोन आला. "व्हय, निघालोय. रस्त्यातच हाय," असं म्हणाली, खोटं एक अक्षर नव्हतं. फोन ठेवल्यावर पदरानं चेहरा पुसला आणि उसाकडे बघत हळूच म्हणाली, "मी न्हाई दिसले तर ती घाबरंल रं." मला वाटलं, त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं. शिवेचा विचार मनात आला. शिंगणापूरच्या हद्दीतून चोरीचं तेल घेऊन मी किती लांब आलो होतो, ते मोजायचा मला धीर झाला नाही.

मेकॅनिक मोटारसायकलवर आला. चाळिशीचा, बारीक मिशीचा. त्यानं आत डोकं घातलं, बेल्टवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि माझ्याकडे वळला.

"तेल कुणी घातलं?"

मी उसाकडे बघितलं.

"आवाज करत हुता ना आधी? तेल नसतं घातलं तर पान्याचे चार थेंब टाकून मी सांगितलं असतं. पान्यानं आवाज थोडा वेळ थांबला तर बेल्ट झिजलाय, वाढला तर ढिला हाय. आता काय सांगनार? आता तो नुसता पुल्यांवरून घसरतोय. चार्जिंग न्हाई, पानी फिरंना, तापनार न्हाई तर काय. तुमी काय करता?"

"शिक्षक होतो. निवृत्त."

"काय शिकवायचे?"

"मराठी," मी म्हणालो.

"विज्ञान," अक्का बांधावरून म्हणाली. "तीस वर्सं."

मेकॅनिक तोंडावर हसला नाही, हे त्याचे माझ्यावर उपकार. पण तो परत आत वाकला तेव्हा त्याची पाठ बराच वेळ हलत होती.

"नवा बेल्ट लागंल. ह्यो तेल प्यायलाय. सोनईत तुमच्या गाडीचा मिळंलच असं न्हाई, राहुरीवरनं आनाया लागंल."

राहुरीला जाऊन यायचं म्हणजे विमान गेलं. अक्का उठून उभी राहिली. तिचे हात पदराशी चाळा करत होते. "मला येस्टी कुठं मिळंल?" तिनं त्याला विचारलं, मला नाही.

तो म्हणाला, "थांबा मावशी, आधी जॅक काढू द्या, खालून हात घालावा लागंल." म्हणून मी डिकी उघडली. अक्काच्या पिशव्या बाहेर काढल्या, डिंकाच्या लाडवांचा डबा काढला, आणि जॅकच्या शेजारी धुळीत एक पुठ्ठ्याचं पाकीट दिसलं. त्यावर माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'फॅनबेल्ट. स्वतः बसवणे.'

दुकानातली गोष्ट ती हीच. मी बेल्ट घेतला होता. पण मोबाईलवर एका माणसानं दहा मिनिटांत बसवून दाखवलेला बघितला आणि म्हटलं, हे तर आपणही करू. रविवारी करू. मग सगळे रविवार तसेच गेले आणि मी विसरलो.

मेकॅनिकनं पाकिटावरचं वाचलं, अक्कानं वाचायला मागितलं, मग तिनंही वाचलं.

नवा बेल्ट तसाच चढवला तर पुल्यांवरच्या तेलानं तोही घसरेल, असं तो म्हणाला. तेल ओढून घेईल असं काही पाहिजे, भुकटीसारखं. अक्कानं जरा विचार केला आणि पिशवीतून एक पुडा काढला. बाळाच्या आंघोळीसाठी घरी दळलेलं डाळीचं पीठ. अर्धा पुडा तिनं त्याच्या हातावर ओतला. पुल्यांवर पीठ चोळताना तो मन लावून चोळत होता, जणू खरंच कुणाला न्हाऊ घालतोय. मग पेट्रोलनं ओलं केलेलं फडकं फिरवून त्यानं पुल्या कोरड्या केल्या. तेव्हा अक्काचं लक्ष मागच्या सीटवरच्या बाटलीकडे गेलं. तिनं ती उचलून उजेडात धरली.

"बाळाचं तेल घातलं व्हय रं?"

"तीनच झाकणं."

"तेल लावलं, पीठ लावलं, वाफेची धुरीबी झाली," ती मेकॅनिकला म्हणाली. "आता पाळण्यात घाला हिला."

त्यानं अल्टरनेटरचा बोल्ट ढिला केला, नवा बेल्ट चढवला, पहारीनं अल्टरनेटर मागे रेटून बोल्ट आवळला. मग बेल्टच्या मधोमध अंगठा दाबून मला दाखवलं, "एवढाच दबला पायजे, बोटाच्या पेराएवढा. लई घट्ट केला तर बेअरिंग जातं, ढिला ठेवला तर परत वरडतो." पाणी भरलं. गाडी चालू केली. लाल दिवा विझला. आवाज नाही. एसी लावला, तरी नाही. पाऊण वाजला होता.

पुढचे दोन तास मी काट्याकडे आणि अक्का घड्याळाकडे बघत होती. कोल्हार गेलं, बाभळेश्वर गेलं. राहात्याच्या गर्दीत ती एकदाच बोलली.

"विमान चालवनारा शिकलेला असतो ना रं?"

"खूप शिकलेला असतो."

"मास्तर तर न्हाई ना?"

विमानतळावर पोचलो तेव्हा तीनला बारा मिनिटं कमी होती. सामान ढकलगाडीवर टाकून पळालो. दारावरच्या जवानानं तिकीट बघितलं, तिला आत सोडलं, मला नाही. काचेतून बघत होतो. खिडकीवरच्या मुलीनं तिच्या पिशव्या पट्ट्यावर घेतल्या, हातात एक कागद दिला. अक्कानं तो कागद दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून कपाळाला लावला. मीही जरा भावुक होऊन काचेवर टकटक केलं, हात हलवला.

ती वळली. मला वाटलं, डोळ्यांनीच निरोप घेईल. पण ती सरळ दारापाशी परत आली, जवानाच्या खांद्यावरून डोकावली आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"महिन्यानं मी परत येईन तवा शिर्डीतनं येस्टीनं येते. तू नगरच्या स्टँडवर न्यायला ये. अन् चालत ये."