माझे सासरे आणि लाल भुंगे

अंबरनाथ-बदलापूरच्या अख्ख्या पट्ट्यात भुंग्यांनी ज्याची धास्ती घ्यावी असा एकच माणूस आहे, आणि ते माझे सासरे आहेत, हे मी पैजेवर सांगते. सगळी नोकरी त्यांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात माल तपासण्यात काढली. बुवापाड्यातलं घर सोडून आम्ही चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर आलो, तेव्हा मागच्या खिडकीखालची मातीची पट्टी बघून त्यांनी फ्लॅट पसंत केला. हॉल केवढा, स्वयंपाकघर कुठे, विचारलंसुद्धा नाही. त्या पट्टीत दुधी, काकडी, वांगी आली, त्यांच्यामागोमाग भुंगे आले, आणि पप्पांची, म्हणजे सासऱ्यांची, निवृत्ती तिथेच संपली.

सकाळी उन्हं यायच्या आत ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून बागेत उतरत. "बागेत जायला इस्त्री कशाला?" मी एकदा विचारलं. "ड्यूटी आहे," एवढंच उत्तर. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात साबणाच्या पाण्याची वाटी. गारव्यात भुंगे सुस्त असतात, चिमटीत सापडतात; ऊन चढलं की भुर्रकन उडतात, हे त्यांचं शास्त्र. दुधीच्या पानांची चाळण करणारा लाल भुंगा दिसला की "रिजेक्ट!" असा पुकारा होई आणि तो वाटीत जाई. पानांवर भुरभुरायची राख ते बारवी धरणाकडच्या एका पाड्यातून पिशवी भरून आणत आणि माझ्या ओढणीतून चाळत. "जुनी होती ना," म्हणाले. ती मी दोनदाच घेतली होती.

पण दिसेल त्याला मारत सुटणारा हा माणूस नव्हे. वांग्यावर ठिपक्यांचा किडा बसला की भिंग लावून ते त्याचे ठिपके मोजत. "अठ्ठावीस ठिपके, पाठ मळकट, म्हणजे हा पानं खाणारा. आणि सात ठिपके, चकचकीत, तो मावा खातो. तो आपला माणूस." एकदा त्यांना मदत म्हणून मी पानांवरच्या काळ्या, काटेरी अळ्या झाडूने झटकून चिरडल्या. पप्पा आले, बघितलं आणि पायरीवर मटकन बसले. "सूनबाई, ती आपल्या माणसांची पोरं होती गं." दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

मग एका वर्षी लाल भुंगे फारच माजले. वरच्या मजल्यांवरच्या कुंड्यांत गेले, तिथून घरांत शिरले, एकीच्या म्हणे चहात पडले. तक्रारी झाल्या. आमचे सेक्रेटरी मूळचे उल्हासनगरचे, कापडाचे व्यापारी, माणूस भला पण घाईचा. ते दारात येऊन म्हणाले, "काका, पूरा कंपाउंड स्प्रे करवाते हैं. एकदम कडक औषध. तुमची बाग पण त्यात येणार."

"आणि ठिपकेवाले? मधमाश्या? पोरं खेळतात तिथे, त्यांचं काय?" पप्पांचा आवाज चढला. मग एकदम शांत होऊन म्हणाले, "आठ दिवस द्या. नवव्या दिवशी तुम्ही स्वतः तपासा. ज्या वेलावर लाल भुंगा सापडेल तो मी माझ्या हाताने उपटेन."

त्या आठ दिवसांत त्यांनी दारोदार जाऊन भुंगे कसे धरायचे ते शिकवलं. किड्याला बघून किंचाळणाऱ्या बायका सकाळी साबणाच्या वाट्या घेऊन कुंड्यांशी बसू लागल्या. अख्ख्या बिल्डिंगमध्ये "रिजेक्ट, रिजेक्ट" ऐकू येई.

नवव्या दिवशी सेक्रेटरी आले. एकेक पान उलटून बघितलं, काही सापडलं नाही. "ओके आहे काका," म्हणून ते निघालेही. तेवढ्यात मला सगळ्यात मोठ्या वेलावर, दोन कोवळ्या दुधींच्या मधोमध, तो लाल ठिपका दिसला. मी हळूच पान ओढून झाकलं. पप्पांनी माझा हात बाजूला केला.

"साहेब, थांबा. एक आहे इथे."

"अरे काका, एकच तर आहे! जाने दो ना."

"मी नोकरीत कधी खराब माल पुढे जाऊ दिला नाही," पप्पा म्हणाले आणि वाकून त्यांनी तो वेल मुळासकट उपटला. कोवळ्या दुधी मातीत पडल्या. मग मुळांकडे बघता बघता त्यांनी भिंग काढलं. मुळांत भुंग्यांच्या पिवळट अळ्या वळवळत होत्या. "म्हणजे इथून येत होते!" वेल गेल्याचं दुःख विसरून ते ओरडलेच.

सेक्रेटरींनी उभ्या उभ्या फोन करून फवारणी रद्द केली आणि बाह्या सरसावून माती उकरायला बसले. दोन दिवसांत सगळी पट्टी उलथून उन्हात तापली, चिमण्यांनी अळ्या टिपल्या आणि भुंगे आटोक्यात आले. त्यानंतर कोणी नवीन भाडेकरू "हे आजोबा कोण?" असं विचारतो, तेव्हा "माझे सासरे" हे दोन शब्द मी माझी डिग्री सांगतानासुद्धा येत नाही अशा रुबाबात सांगते.

यंदा त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. वेलाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात. परवा म्हणाले, "वाकवत नाही गं आता. तू बघ." मी वाकले, पानाखाली बघितलं. काही नव्हतं. तरी मी एकेक पान सावकाश उलटत राहिले, कारण मागे खुर्चीत पप्पा श्वास रोखून बसले होते.