सहावा वाटा

१९९८ साली बोईसर स्टेशनाबाहेर कमलाकांतचं एसटीडी बूथ होतं. फोनची लाइन एकच, तिलाच जोडलेला एक कॉम्प्युटर, आणि दुपारी ते सगळं सांभाळायला एडवणच्या महादू तामोऱ्या मच्छीमाराची मुलगी वत्सला. बारावी नापास, पण तिला कमी लेखून कोणी धड परत गेलं नाही.

दुपारी गिऱ्हाईक फारसं नसे. कमलाकांतला विचारून ती इंटरनेटवर एक खेळ खेळायची. चित्रं नाहीत, नुसती इंग्रजी अक्षरं : समोर गुहा आहे, डावीकडे पाणी आहे, काय करशील? मांडीवर डिक्शनरी ठेवून ती उत्तर टाइप करी, आणि कुठल्या कुठल्या देशांतले पाच जण तिच्यासोबत गुहेत शिरत. खेळात नाव विचारलं तेव्हा तिनं 'तांडेल', म्हणजे होडीचा कप्तान, असं लिहिलं होतं. बापाच्या होडीवर बाईला पाय ठेवू देत नव्हते. इथं सुकाणू तिच्या हाती होतं, आणि उतरवायची कोणाची छाती नव्हती.

एकदा खेळात औषधाच्या बाटल्यांची लूट मिळाली. त्या पाचांतला 'कोल्हा' नावाचा गडी आजारी म्हणून त्या दिवशी आला नव्हता. हजर पाच, पण वत्सलानं वाटे केले सहा. बाकीचे भडकले. जो लढलाच नाही त्याला कसला वाटा? दोघं तर म्हणाले, हिला टोळीतून काढा. वत्सलाचं डोकं तापलं. तोडक्या इंग्रजीत तिनं ठणकावलं, की आमच्या होडीवर आजारी खलाशाचा वाटा आधी निघतो, पटत नसेल तर मी उतरते. ठरलं असं, की उद्या सागरसर्पाशी लढून झालं की हिचा निकाल लावायचा.

दुसऱ्या दिवशी लढाई ऐन रंगात आली आणि सरावलीची रखमा धावत आली. पोर दवाखान्यात, नवरा सुरतला कामावर; त्याला फोन लावायचा, तर लाइन खेळात अडकलेली.

"वत्सले, लाइन सोड," कमलाकांत म्हणाला.

"दादा, आता उठले तर मी मेले. टोळीतूनबी गेले."

एवढं बोलून तिनं रखमाकडं पाहिलं आणि तार उपटली. त्या खेळात मधेच निघून गेलेला गडी जागच्या जागी पुतळ्यासारखा उभा राही, आणि मरे. जिवापाड जपलेली जागा गेली, असं धरूनच ती संध्याकाळी घरी गेली.

दुसऱ्या दुपारी तिनं भीत भीत खेळ उघडला. अक्षरं उमटली : तू किनाऱ्यावर आहेस. जिवंत आहेस. पुढ्यात सर्पाच्या कातडीची ढाल. खाली कोल्ह्याचा निरोप : "तांडेल, आम्ही तुला उचलून आणलं. तुझा वाटा आधी काढला."

गिऱ्हाईक समोर उभं होतं, म्हणून वत्सलानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड फिरवलं.

त्या पाचांची खरी नावं तिला कधीच कळली नाहीत. त्या साली नारळी पुनवेला एडवणच्या दर्यात तिनं घरच्या नारळामागून आणखी एक नारळ सोडला. आईनं विचारलं, हा कोणाचा गं?

"माझ्या खलाशांच्या नावाचा हाय."

आईनं त्या नारळालाही हात जोडले.