सहा चिंचोके

लिटिल इंडियातून आणलेली चिंच कोळताना हाताला सहा चिंचोके लागले, आणि परदेशातल्या आमच्या बिशान भागातल्या फ्लॅटमधून मी थेट सांगलीत, पेटी शिकवणाऱ्या बाईंच्या घरी जाऊन बसले.

बाई पेटीच्या उजवीकडे पन्नास चिंचोके मांडायच्या. एक पलटा वाजवला की एक चिंचोका डावीकडे सरकवायचा. शेवटचा सरकेपर्यंत उठायचं नाही. बाहेर मैत्रिणींच्या लगोरीचा आरडाओरडा, माझ्या पायांना मुंग्या, भाता मारून भरून आलेला हात. एकदा बाई चहा टाकायला ओट्याशी गेल्या आणि मी चार चिंचोके एकदम सरकवले. बाईंना कसं फसवलं, म्हणून कितीतरी दिवस खूश होते. आज कळतं, एक कप चहाला कुणालाच एवढा वेळ लागत नाही.

हॉलमध्ये माझी सई व्हायोलिनवर तीच ती ओळ घोटत होती. युरोपातल्या एका संगीतशाळेच्या मुलांसाठीच्या शिबिराला रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. फॉर्म मीच भरला होता. तिला विचारलं नव्हतं.

"आई, हात दुखतोय लाह." हे 'लाह' इथल्या मुलांच्या बोलण्यातून उचललेलं.

"अजून सहाच वेळा," मी सवयीने म्हणाले. मग ते ओले चिंचोके तिच्यासमोर मांडले. "वाजवलं की एक सरकव. मी चहा टाकते."

मी पाठ फिरवली. चहा उकळून उकळून काळा झाला, तरी वळले नाही.

सईने सहाच्या सहा वेळा वाजवलं. मग हळूच विचारलं, "आई, ऐकलंस ना? आता उठू का?"