भोकं पडलेल्या कोशांची शाल

धावड्याच्या नंदाबाईंच्या घरात आधी रेशमाच्या आळ्यांना पाला पडतो, मग नवऱ्याला चहा मिळतो. बद्रीनाथरावांची त्याबद्दल तक्रार नाही. ते फक्त आल्यागेल्याला सांगतात, "ह्या घरात तुती न खाणारा मी एकटाच. म्हणून माझा नंबर शेवटी."

इतकी वर्षं रेशीम पिकवूनही नंदाबाईंच्या अंगाला त्यातला एक धागा लागला नव्हता. कोश जालन्याच्या बाजारात जायचे, पुढचं कुणास ठाऊक. यंदा लेकीचं, तृप्तीचं डोहाळजेवण वैशाखात ठरलं, तेव्हा त्यांनी जाहीर करून टाकलं, "व्याह्यांकडच्या बाया पैठण्या नेसून येतील. मी माझ्या आळ्यांचं रेशीम पांघरून बसणार."

विकायचे कोश मोडवेनात, म्हणून त्यांनी भोकं पडलेले धरले. पाखरू कोश फोडून बाहेर आलं की सलग धागा तुटतो, मग व्यापारी त्या मालाला हात लावत नाही. नंदाबाईंनी ते धुण्याच्या सोड्यात उकळले, चिकटपणा गेल्यावर वाळवले, कापसासारखे पिंजले आणि चातीवर सूत कातलं. अंबाडीची सुतळी वळून चातीची सवय होतीच. सूत कुठं शेवईसारखं निघालं, कुठं कासऱ्यासारखं.

"हे विणणार कोण?" बद्रीनाथरावांनी विचारलं.

"टेंभुर्णीचे अंगदमामा."

"ते घोंगड्या विणतात."

"मंग? मेंढीचं चालतं, आळीचं न्हाई चालत?"

अंगदमामांनी सूत बोटांत फिरवलं. "बाई, आजवर चार पायांच्या जनावराचंच विणलं. ह्याला पाय किती, ते इचारत न्हाई. विणतो." आणि घोंगडीला लावतात तशी चिंचोक्याची खळ त्यांनी सवयीनं ह्यालाही सढळ हातानं चोपडली.

शाल घरी आली ती ताठ. बद्रीनाथरावांनी भिंतीला टेकवली, तर उभीच राहिली.

"बराबर झालं. न्हाणीला दार नव्हतंच."

नंदाबाईंना हसू आलं नाही. डोहाळजेवण तोंडावर आलेलं. त्यांनी फोन लावला, "मामा, हिचा तर पत्रा झाला!"

"खळ हाय ती. वर्षभर अंगाखाली घ्या, मऊ पडंल."

"वर्ष कुठून आणू? पोरगी थांबंल का?"

"मंग गरम पाण्यात घाला. बुळबुळ जाईस्तोवर चोळा."

नंदाबाई चोळत राहिल्या. बद्रीनाथराव दाराचं मोजमाप सांगत सांगत बादल्या आणून ओतत राहिले. संध्याकाळी शाल दोरीवरून उतरवली, तर ती हातातून ओघळली.

डोहाळजेवणाला नंदाबाई ती ताकासारखी पांढरी शाल पांघरून बसल्या. मांडवात वाऱ्याची झुळूक नाही, पंखा तृप्तीकडं वळवलेला. विहीणबाईंनी काठ बोटांत धरला, मग गालाला लावला.

"लई मऊ हो! कुठल्या दुकानातली?"

"आमच्या आळ्यांच्या शेडातली."

बद्रीनाथराव मागून कुजबुजले, "काढ आता. घामानं न्हाऊन राह्यली तू."

"खरंच, गरम होत असंल न्हाई?" विहीणबाईंनी विचारलं.

"बिलकुल न्हाई," नंदाबाई म्हणाल्या, आणि शालीच्याच टोकानं त्यांनी कपाळ पुसलं.