धावताना गजभियेचं बोलणं थांबलं

रेझिंग डेच्या, म्हणजे बटालियनच्या स्थापना दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मीच सगळ्यांना फोन केले. सकाळी साडेसहा, तेलीबांधा तलाव, रनिंगचे बूट घालून. रायपुरात आमच्या बटालियनचे माजी सैनिक नऊ. मी हवालदार, पीटी इन्स्ट्रक्टर. निवृत्तीनंतरही सगळे मला उस्तादच म्हणत. ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

नायक सुधाकर गजभिये माझ्याच सेक्शनमधला. सतरा वर्षं आम्ही सोबत धावलो. पाचला फॉलिन, म्हणजे रांगेत हजर, साडेपाचला रनिंग, पाऊस असो की बर्फ. माझा नियम एकच: धावताना शेजाऱ्याशी बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की वेग कमी करायचा. हृदय, फुप्फुसं अशीच रोज थोडी थोडी तयार होतात. दम वाढतो, झोप लागते, रक्तदाब ताब्यात राहतो. गजभियेला हा नियम फार सोपा होता. पोट्टा चढावरही बायकोच्या हातच्या वांग्याच्या भाजीचं वर्णन करायचा.

निवृत्त होऊन घरी आलो आणि दोघंही बसलो. तो उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलच्या गेटवर, बारा तास खुर्चीत. मी एका बँकेच्या दारात, स्टुलावर. फौजेत इतकं धावलो, जन्मभराची बेगमी झाली, असं आम्ही म्हणायचो. शुद्ध मूर्खपणा. दम साठवून ठेवता येत नाही. सहा वर्षांत त्याचा पट्टा तीन भोकं पुढे सरकला.

त्याची बायको रंजना एकदा मला म्हणाली, "भाऊजी, यायले रोज फिरायले नेत जा. जिना चढले तरी धापा टाकून राहिले."

"उद्यापासून नेतो."

दोन दिवस नेलं. तिसऱ्या दिवशी बूढ़ापाऱ्यात चहाच्या टपरीवर गप्पा मारत बसलो. चौथ्या दिवशी मी उठलोच नाही. शब्द दिला आणि मोडला, त्यात दुसरं काही नाही.

आणि मग रेझिंग डेला एका दिवसात सगळी कसर भरून काढायची होती. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेला मी उस्ताद.

सहा चाळीसला निघालो. तलावाचे तीन राउंड, सगळा सेक्शन सोबत पोचेल, असं मी सांगितलं. पहिल्या राउंडला गजभिये मुलीबद्दल बोलत होता. "मराठीत विचारलं तं हिंदीत उत्तर देते, उस्ताद." दुसऱ्या राउंडला नुसतं "हव". तिसऱ्याला मी विचारलं, "नाश्त्याले पोहे चालतीन ना?" उत्तर आलं नाही. त्याने हात वर केला.

माझाच नियम होता. शेकडो रंगरुटांना शिकवलेला. मला कळलं होतं, पुरतं कळलं होतं. पण फिरायला आलेले लोक थांबून पाहत होते, कोणी मोबाईल काढले होते, आणि माझ्या अंगात परेड ग्राउंड शिरलं होतं.

"गजभिये! कदम मत तोड़! दम लगा!"

त्याने हात खाली घेतला आणि पुन्हा धावू लागला. चाळीसेक पावलं. मग तोंडावर पडला. सात वाजून दोन मिनिटं.

मी त्याची छाती दाबत राहिलो, मोठ्याने मोजत. ॲम्ब्युलन्स सव्वासातला आली. सात चाळीसला हॉस्पिटलात डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं.

आता मी रोज पाचला उठतो आणि पाऊण तास भरभर चालतो. माझा रक्तदाब उतरला, साखर आटोक्यात आली, डॉक्टर पाठ थोपटतात. मला त्या पाठ थोपटण्याची लाज वाटते. लोकांना सांगतो, रोज चाला, हळूहळू वाढवा, एका दिवसात मर्दुमकी दाखवू नका. ते माना डोलावतात आणि मोटारसायकलीवर बसून घरी जातात. मी मेल्यावरही असंच चालेल.

नायक सुधाकर गजभिये, वय सत्तेचाळीस. फील्डमध्ये, सीमेवर दोनदा राहिला, गोळीबारात सापडला, एक ओरखडा न घेता घरी आला. त्याचं नाव कुठल्या स्मारकावर नाही.

पुण्यानुमोदनाच्या, त्याच्या स्मृतिविधीच्या दिवशी मी रंजनासमोर बसलो होतो. ती म्हणाली, "भाऊजी, तुमी थांब म्हटलं असतं, तं ते थांबले असते." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"हव," मी म्हटलं.